पॅप स्मिअरच्या अहवालानंतरची कॉल्पोस्कोपी: पुण्यातील एका रुग्णालयाच्या कक्षाविषयी

पुण्यातील एका जुन्या धर्मादाय रुग्णालयात स्त्रीरोग विभागाचा स्वतंत्र कॉल्पोस्कोपी कक्ष आहे. कॉल्पोस्कोपी म्हणजे दुर्बिणीतून केलेली गर्भाशयमुखाची तपासणी. गेल्या पावसाळ्यात मी तेथे तपासणी करून घेतली, बायोप्सी झाली, म्हणजे तपासण्यासाठी लहानसा तुकडा काढला गेला, तिचा अहवाल आला आणि पुढच्या तपासणीची वेळही ठरली. त्यामुळे या सेवेविषयी आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगता येईल. पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन केलेल्या चाचणीत, काही वेगळे आढळले म्हणजे कर्करोगच झाला अशा समजुतीने धास्तावलेल्या आणि त्या धास्तीपोटी पुढची तपासणी महिनोन्महिने टाळणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत. त्यांना हा मजकूर उपयोगी पडावा अशी इच्छा आहे. माझे मत आधीच नोंदवते. प्रत्यक्ष तपासणीसाठी मी या कक्षाला पूर्ण गुण देईन, कारण तेथील डॉक्टर कोणतीही कृती करण्यापूर्वी ती सांगतात आणि कॉल्पोस्कोपीचा दर्जा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत आधी यावरच ठरतो. नोंदणीची खिडकी, संमतीपत्र आणि अहवाल रुग्णाच्या हाती देण्याची रीत या बाबतींत मात्र हेच रुग्णालय बरेच मागे आहे.

माझ्या पॅप स्मिअरच्या अहवालावर ‘एलएसआयएल’ असा शेरा होता आणि त्यासोबत केलेली एचपीव्ही या विषाणूची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. मला तक्रार कसलीच नव्हती. पाळी नियमित होती, अंगावरून पांढरे जात नव्हते. एलएसआयएल म्हणजे गर्भाशयमुखाच्या पृष्ठभागावरील पेशींमध्ये दिसलेला सौम्य बदल. एचएसआयएल असा शेरा असेल तर बदल अधिक तीव्र असण्याची शक्यता असते आणि कॉल्पोस्कोपी लांबणीवर टाकता येत नाही. एएससी-यूएस असेल तर पेशी अगदी सामान्य दिसत नाहीत एवढेच ठरते आणि पुढचा निर्णय सहसा एचपीव्ही चाचणी पाहून घेतला जातो. यांपैकी कोणत्याही शेऱ्याने निदान होत नाही; कोणाला अधिक बारकाईने पाहायला हवे, एवढेच तो सांगतो. एचपीव्हीचा संसर्ग लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. जो वर्षानुवर्षे रेंगाळतो त्यातून पेशींमध्ये बदल होऊ लागतात, आणि प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या स्त्रीमध्ये त्या बदलांचे रूपांतर कर्करोगात होण्यास साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. संसर्ग कधी झाला आणि कोणाकडून झाला, हे कोणत्याही चाचणीतून कळत नाही. म्हणून हा अहवाल हाती घेऊन घरात कोणाच्या चारित्र्याची चर्चा सुरू करण्याला कसलाही आधार नाही. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण प्रतीक्षागृहात माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण बाईंना त्यांच्या सासूबाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि त्या तेवढ्यानेच खचून गेल्या होत्या.

नोंदणी दूरध्वनीवर होते. पाळीची तारीख विचारून, रक्तस्राव पूर्ण थांबलेला असेल असा दिवस दिला जातो. तपासणीच्या आधीचे दोन दिवस संबंध टाळावेत, योनीमार्गात कोणतीही गोळी किंवा मलम वापरू नये आणि आतून धुऊ नये, या सूचना मला दूरध्वनीवरच मिळाल्या. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील, आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगणे आवश्यक आहे, हेही सांगितले गेले. गर्भारपणात कॉल्पोस्कोपी करता येते, पण बायोप्सी शक्यतो बाळंतपणानंतर केली जाते. उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. डॉक्टरांना विचारून तासभर आधी वेदनाशामक गोळी घेता येते. मी ती घेतली होती आणि इतरांनाही तसे विचारून घ्यावे असे सुचवीन. सैलसर कुर्ता किंवा साडी असेल तर वरचे कपडे अंगावर राहतात आणि अवघडल्यासारखे कमी वाटते.

इथपर्यंत सारे व्यवस्थित होते. खिडकीवर मात्र माझे नाव, वय, नवऱ्याचे नाव आणि कोणती तपासणी करायची आहे, हे सर्व काचेच्या छोट्या झरोक्यातून मोठ्याने विचारले गेले आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी ते ऐकले. डॉक्टरांची चिठ्ठी समोर असताना हे प्रश्न मोठ्याने विचारण्याची काहीच गरज नव्हती. नवऱ्याच्या नावाचा या तपासणीशी काय संबंध, हेही मला कळले नाही. अविवाहित, विधवा किंवा एकटीने राहणाऱ्या स्त्रीला हा प्रश्न विनाकारण टोचू शकतो. खर्चाच्या बाबतीत सांगायचे तर येथील दर खासगी दवाखान्यांत मी चौकशी केली होती त्या मानाने कमी आहेत, पण बायोप्सी झाल्यास पॅथॉलॉजीचे बिल वेगळे भरावे लागते आणि ही गोष्ट आधी कोणी सांगत नाही. दोन्ही आकडे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावेत.

संमतीपत्र इंग्रजीत होते. एवढ्या वर्दळीच्या रुग्णालयात, जेथे शिरूरपासून भोरपर्यंतच्या बायका उपचारांसाठी येतात, तेथे बायोप्सीच्या संमतीचा कागद मराठीत नसावा, हे मला अतिशय खटकले. माझ्या पुढे असलेल्या आजींनी सिस्टरने बोट ठेवले तेथे अंगठा उमटवला. त्यांना तो कागद कोणी वाचून दाखवला नाही. डॉक्टरांनी आत गेल्यावर सर्व काही उत्तम मराठीत समजावून सांगितले, यात शंका नाही, परंतु सही आधी आणि समजावणे नंतर, हा क्रम उलटा आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी, कारण बहुतेकींना भीती असते ती याचीच. खोली लहान आहे. दाराला आतून कडी आहे आणि दाराच्या आत आणखी एक पडदा आहे. डॉक्टर, सिस्टर आणि एक मावशी अशा तिघीच आत होत्या. शिकाऊ डॉक्टरांना आत येऊ द्यायचे का, हे मला विचारण्यात आले. मी एकीला परवानगी दिली. डॉक्टरांनी प्रथम मला खुर्चीवर बसवून, माझा अहवाल समोर ठेवून, गर्भाशयमुखाचे चित्र काढून दाखवले आणि आपण नेमकी कोणती जागा पाहणार आहोत ते सांगितले. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या आणि आतल्या पेशी जेथे एकमेकींना भेटतात त्या पट्ट्यात बहुतेक बदल सुरू होतात, आणि कॉल्पोस्कोपीचे सारे लक्ष त्या पट्ट्यावर असते. पाळी गेल्यानंतर हा पट्टा आत सरकतो, त्यामुळे वयस्क स्त्रियांमध्ये तो पूर्ण दिसेलच असे नसते आणि मग आतल्या मार्गातून खरवडून नमुना घ्यावा लागू शकतो.

पाय आधारावर ठेवून झोपायचे असते, जसे पॅप स्मिअरच्या वेळी. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवणारे साधन, बसवले जाते, तेव्हा दाब जाणवतो. कॉल्पोस्कोप मात्र शरीराला स्पर्शही करत नाही. ती उभ्या दांडीवर बसवलेली, स्वतःचा दिवा असलेली दुर्बीण असते आणि साधारण फूटभर अंतरावरून गर्भाशयमुख दहा-पंधरा पट मोठे करून दाखवते. या कक्षात ते चित्र बाजूच्या पडद्यावर येते आणि पाहायचे आहे का, असे डॉक्टर विचारतात. मी पाहिले. स्वतःच्या शरीराचा कधीही न दिसलेला भाग, गुलाबी आणि ओलसर, मधोमध लहानसे छिद्र असलेला, असा समोर दिसल्यावर माझी निम्मी भीती ओसरली. प्रत्येकीला तसे वाटेल असे नाही. नको असेल तर डॉक्टर पडदा वळवून ठेवतात.

“ताई, आता थोडे गार लागेल,” असे म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्याने जागा पुसून घेतली आणि हिरव्या प्रकाशात रक्तवाहिन्या तपासल्या. त्या प्रकाशात त्या काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. त्यानंतर तीन ते पाच टक्के तीव्रतेचे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड कापसाने लावले. हे म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरच्याच तोडीचे द्रावण. थोडे चुरचुरते, पण जळजळ म्हणावी असे काही होत नाही. मिनिटभर थांबावे लागते आणि त्या मिनिटात बदल झालेल्या पेशींचा भाग पांढरा होऊ लागतो. माझ्या बाबतीत वरच्या कडेला एक पातळ पांढरा डाग हळूहळू उमटला, आणि काही वेळाने तो पुन्हा विरत गेला. डॉक्टर हे सर्व बोलून सांगत होत्या: डाग फिकट आहे, कडा अस्पष्ट आहे, रक्तवाहिन्यांची जाळी जाडसर नाही. पांढरे दिसले म्हणजे रोगच असेही नाही, कारण सूज असेल किंवा पेशी नव्याने तयार होत असतील तरीही असा पांढरेपणा येतो, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. ज्या डॉक्टर गप्प राहून पाहतात त्यांच्या शांततेचा अर्थ लावत रुग्ण अर्धमेली होते; येथे ती वेळ आली नाही.

मग ल्यूगॉलचे आयोडीन लावले. निरोगी पेशींमध्ये साठलेल्या ग्लायकोजेनमुळे त्या गडद तपकिरी होतात आणि बदललेला भाग पिवळसर राहतो. डागाची हद्द अशा रीतीने पक्की झाल्यावर बायोप्सी घ्यायचे ठरले. लांब दांड्याच्या चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतला जातो. डॉक्टरांनी मला खोकायला सांगितले आणि त्या क्षणी नमुना घेतला. मला एक तीव्र चिमटा जाणवला आणि पाठोपाठ पाळीच्या पहिल्या दिवसासारखी ओटीपोटात कळ आली, जी काही मिनिटांत ओसरली. बधिर करण्याचे इंजेक्शन देण्याची सोय होती आणि मला तसे विचारलेही गेले. मी नको म्हटले. मात्र काही स्त्रियांना यापेक्षा बरेच जास्त दुखते, हे मी प्रतीक्षागृहात ऐकले आहे आणि ते खरे मानते. दुखत असल्यास थांबा म्हणण्याचा पूर्ण हक्क रुग्णाला आहे. येथील डॉक्टरांनी सुरुवातीलाच, हात वर केलात की मी थांबेन, असे सांगून ठेवले होते. रक्त थांबवण्यासाठी तपकिरी रंगाची पेस्ट लावली गेली. मावशींनी माझा हात धरून ठेवला होता आणि उठताना चक्कर येऊ नये म्हणून दोन मिनिटे बसायला लावून पाणी दिले. आत जाऊन बाहेर येईपर्यंत पाऊण तास लागला असेल. दुर्बिणीखालचा भाग त्यातल्या निम्म्याहूनही कमी वेळात आटोपतो.

व्हिनेगरच्या या साध्या द्रावणाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे आणि तो येथे सांगावासा वाटतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यांतील निम्म्या वस्त्यांत, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली, आणि तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० ते ५९ वयोगटात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आज जगभर एचपीव्ही चाचणीला जे अग्रस्थान मिळाले आहे, त्याला बळ देणाऱ्या पुराव्यांत बार्शी परिसरातील बायकांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या तपासणीतून जे ज्ञान मिळाले ते पुण्यासारख्या शहरातील सुशिक्षित बायकांपर्यंतही नीट पोहोचलेले नाही, याचे मला वाईट वाटते.

तपासणीनंतर त्याच टेबलावर मला छापील पत्रक मिळाले, आणि या कक्षाची सर्वांत चांगली गोष्ट मी हीच समजते. त्यावर गर्भाशयमुखाचे वर्तुळ छापलेले आहे, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे जागा दर्शवून डॉक्टर त्यात डाग रेखाटतात, बायोप्सी कोठून घेतली तेथे फुली करतात आणि शेजारी स्वीड स्कोअर लिहितात. पांढरेपणा, कडा, रक्तवाहिन्या, डागाचा आकार आणि आयोडीनला मिळालेला प्रतिसाद या पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण देऊन दहापैकी एकूण काढला जातो. आकडा जितका मोठा तितकी तीव्र बदलाची शक्यता अधिक. पट्टा पूर्ण दिसला की नाही, याची नोंदही त्यावर असते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर हे पत्रक पुरेसे बोलके आहे. ‘कॉल्पोस्कोपी केली, बायोप्सी घेतली’ एवढ्या एका ओळीवर बोळवण होत असेल तेथे असे पत्रक मागून घ्यावे.

नंतरच्या सूचना थोडक्यात अशा होत्या: आठवडाभर संबंध, टॅम्पॉन आणि पोहणे टाळावे, पॅड वापरावा. दोन-तीन दिवस थोडे रक्त आणि पेस्टमुळे काळपट, चहाच्या चोथ्यासारखा स्राव जातो. तो पाहून घाबरू नये. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तासाभरात एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा वाढत जाणारी पोटदुखी यांपैकी काही झाले तर ताबडतोब यावे, असे सांगून रात्रीचा दूरध्वनी क्रमांक पत्रकावर लिहून दिला होता.

यानंतर जे घडले ते या रुग्णालयाच्या नावाला शोभणारे नव्हते. बायोप्सीचा अहवाल पॅथॉलॉजी विभागाकडून शनिवारी संध्याकाळी थेट माझ्या मोबाइलवर आला. ‘सीआयएन १’ असे त्यात होते, खाली लांबलचक सूक्ष्मदर्शकीय वर्णन होते आणि त्याचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते. बाह्यरुग्ण विभाग सोमवारी उघडतो. मधल्या वेळात घरातल्या सर्वांनी इंटरनेटवर शोधाशोध करून एकमेकांना घाबरवले, दुसरे काही नाही. असा अहवाल प्रथम डॉक्टरांकडे जावा आणि त्यांच्याकडून, निदान दोन ओळींच्या खुलाशासह, रुग्णाकडे यावा. ही मागणी अवास्तव नाही. सोमवारी डॉक्टरांनी सांगितले ते असे की सीआयएन १ हा सौम्य बदल आहे, बहुतेक स्त्रियांमध्ये तो उपचारांविना आपोआप नाहीसा होतो, आणि पॅप स्मिअर व कॉल्पोस्कोपी या दोन्हींत दिसले त्याच्याशी तो जुळतो आहे. म्हणून आत्ता काहीही काढून टाकायचे नाही. वर्षाने पुन्हा चाचणी करायची. हे तिन्ही निष्कर्ष एकमेकांशी जुळतात का, हा प्रश्न प्रत्येकीने डॉक्टरांना अवश्य विचारावा, कारण ते जुळत नसतील तर पुन्हा तपासणीची गरज पडू शकते.

माझ्या आधी आत गेलेल्या बाईंना सीआयएन ३ होता आणि त्यांच्यावर याच कक्षात लीप नावाची छोटी शस्त्रक्रिया करण्यात आली. जागा बधिर करून विजेच्या प्रवाहाने तापलेल्या तारेच्या कडीने तो पातळ भाग काढून घेतला जातो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. काही निवडक परिस्थितींत थर्मल अब्लेशनने तो भाग उष्णता देऊन नष्ट करतात. सीआयएन २ आणि ३ हे कर्करोगपूर्व बदल आहेत आणि त्या टप्प्यावर उपचार झाल्यास बहुतेकींना पुढे कर्करोग होत नाही. उपचारांनंतरही नियमित तपासणी मात्र चालू ठेवावी लागते. मूल हवे असणाऱ्यांनी हे आधी बोलून घ्यावे, कारण खोलवर छेद घेतल्यास पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता थोडी वाढते.

‘एकदाची पिशवीच काढून टाका’ हा सल्ला मला नात्यातल्या बायकांकडून मिळाला, आणि असा सल्ला देणारे दवाखानेही आपल्याकडे कमी नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अनेकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती. केवळ पॅप स्मिअरचा अहवाल सामान्य नाही, या कारणासाठी गर्भपिशवी काढायला कोणी सांगत असेल तर कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सी झाल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. या कक्षातील डॉक्टरांनी हे मला कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले, त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

रुग्णालयाच्या अधीक्षकांना मी लेखी कळवले आहे: संमतीपत्र मराठीत छापावे आणि सही घेण्यापूर्वी ते वाचून दाखवावे, नोंदणीच्या खिडकीवर चिठ्ठी वाचून नोंद करावी, तपासणीचे नाव मोठ्याने घेऊ नये, बायोप्सीचा अहवाल डॉक्टरांच्या खुलाशासह पाठवावा. पत्राची पोच मिळाली आहे. खिडकीवरची पद्धत अजून बदललेली नाही, असे गेल्याच महिन्यात तेथे जाऊन आलेल्या माझ्या मावसबहिणीने सांगितले. तरीही मी तिला तेथेच पाठवले होते, आणि माझी वर्षानंतरची तपासणीही तेथेच होईल. कक्ष आठवड्यातील ठरावीक दिवशीच चालतो आणि वेळ मिळण्यास दोन-तीन आठवडे लागतात. एचएसआयएल असा शेरा असेल तर ते दूरध्वनीवरच स्पष्ट सांगावे, म्हणजे लवकरची वेळ दिली जाते. जाताना पॅप स्मिअरचा मूळ अहवाल, एचपीव्ही चाचणी केली असल्यास तिचा कागद, चालू औषधांची चिठ्ठी, एक पॅड आणि शक्य असल्यास सोबतीला कोणी तरी, एवढे बरोबर असावे.